माझ्या प्रतीत तो घरी गेला

९ जानेवारी

एका गिऱ्हाइकानं दिलेली ही डायरी कोरी पडून होती, म्हणून लिहायला घेतली. लिहिण्यासारखं एवढंच की आजपासून मी वाचनाच्या नोकरीला लागले, तीही बिनपगारी.

सासऱ्यांना आता अजिबात दिसत नाही. डाव्या डोळ्याला उजेड तेवढा कळायचा, तोही गेला. जन्मभर पूल तपासायची नोकरी केलेला माणूस भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जातो, ते बघवत नाही. हे म्हणाले, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तू बाबांना वाचून दाखव. हे म्हणजे माझे यजमान. आमचं पडद्यांचं दुकान आहे, मी शिवते आणि हे लोकांच्या घरी रॉड बसवतात. तुम्ही का नाही वाचत म्हटलं, तर ह्यांना दोन ओळींनंतर जांभई येते.

मी हौसेनं एक कादंबरी काढली. बाबा म्हणाले, खोटं ऐकायला मला वेळ नाही, खरं काय ते वाच. त्यांचं वाचक मंडळच तसलं. दातांचे डॉक्टर, शाळेच्या निवृत्त बाई, ग्रंथपाल आणि बाबा. खऱ्या गोष्टींचीच पुस्तकं वाचायची, वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपली आवडती पाच सांगायची आणि त्यांनी आपल्याला काय शिकवलं तेही सांगायचं. मला ही शिक्षाच वाटते. पण बाबांपुढे बोलायची कोणाची टाप आहे!

२ फेब्रुवारी

मुंग्यांचं पुस्तक संपलं. चारशे पानं मुंग्या. बाबा खूश. साखरेच्या डब्यातली मुंगी मारताना आता माझाच हात अडखळतो.

२७ फेब्रुवारी

आज मी एक उद्योग केला.

बर्फातल्या मोहिमेचं पुस्तक चाललंय. त्यात एक तुटक्या कानाचं कुत्रं आहे, महालबाड. बाबांना त्याचं फार कौतुक. दुपारी मी पुस्तक उघडायच्या आत विचारायचे, आमचे साहेब कसे आहेत? आणि आज पान उलटलं तर काय, अन्न संपलं म्हणून त्या लोकांनी कुत्र्यांना गोळ्या घातल्या आणि खाल्लं. तुटक्या कानाच्यालाही. मी आ वासून पानाकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, काय झालं, थांबलीस का?

माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला. कप्तानानं त्या कुत्र्याला आपल्या कोटात घातलं आणि जहाजावर परत आणलं, असं धडाधड वाचून मोकळी झाले. बाबांनी विचारलं, त्या बर्फात त्याला खायला काय घातलं? मी म्हटलं, मासे. बाबा हसले आणि म्हणाले, लिहिणारा फार मायाळू दिसतोय.

कोणाचं काय बिघडलं? कुत्रं तसंही कधीचंच मेलेलं.

१९ मे

लग्नाच्या हॉलचे पडदे होते, अडीच-तीन महिने डायरीला हात लावला नाही. वाचन मात्र चुकवलं नाही.

खाणीचं पुस्तक संपलं. आत अडकलेले सगळे गेले होते, मी त्यातले तिघे बाहेर काढले. सगळेच काढणार होते, पण ते अती झालं असतं. एवढं तारतम्य मला आहे.

८ जुलै

आज पुलाचं पुस्तक संपलं. एका इंजिनिअरचा पूल पडतो आणि तो माणूस खोलीचं दार लावून घेतो. बाबा स्वतः पुलाचे माणूस. त्यांना हे मी वाचून दाखवू? माझा इंजिनिअर राजीनामा देऊन खेडेगावात गेला आणि त्यानं मधमाश्या पाळल्या. मधमाश्यांचं वर्णन मला इतकं छान जमलं की मलाच पुढे ऐकावंसं वाटायला लागलं.

बाबा म्हणाले, अलीकडे सगळे लेखक एकाच वळणाचं लिहायला लागलेत. मी म्हटलं, भाषांतरं असतील, एकाच माणसानं केलेली. बाबा म्हणाले, असेल बाई, असेल.

माझ्या वाचनाला चांगलंच वळण आलंय, हे त्यांच्याही लक्षात आलं म्हणायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, एक दिवस तोंडघशी पडशील. ह्यांना कशाचं कौतुक म्हणून नाही.

२३ सप्टेंबर

बाबांना चार पावलं टाकली की धाप लागते. आज मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप अरुंद झालीय, दगडासारखी कडक. मांडीतून नळी घालून बदलायचा सोपा मार्ग असतो म्हणे, पण बाबांच्या रक्तवाहिन्या त्याला चालणार नाहीत. म्हणजे छाती उघडायची, नाहीतर गोळ्यांवर राहायचं. मूत्रपिंडही थकलेलं, त्यामुळे उघडण्यात धोका मोठा. डॉक्टर म्हणाले, पेशंटनं स्वतः विचार करून ठरवावं.

बाबा म्हणाले, ठरवतो. घरी आल्यावर मी मशीनवर बसले, तर सुईत दोराच ओवता येईना.

११ ऑक्टोबर

बाबांनी ग्रंथपालांना निरोप पाठवून एक पुस्तक मागवलं. हृदयाच्या एका डॉक्टरनं आपल्या पेशंटांच्या हकिकती लिहिल्यात. मी म्हटलं, हे आत्ता कशाला? म्हणाले, आत्ताच.

सहाव्या प्रकरणात एक म्हातारा घड्याळजी आहे. झडप तीच, वय जवळपास तेच, मूत्रपिंडाचं रडगाणंही तेच. मला शहाणपण सुचलं आणि काल रात्रीच मी पुढचं वाचून ठेवलं. तो टेबलावरच जातो.

आज बाबा ताठ बसून ऐकत होते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. घड्याळजीची छाती उघडली तिथपर्यंत मी जसंच्या तसं वाचलं. मग तो हळूहळू शुद्धीवर आला, घरी गेला आणि पुढे नऊ वर्षं घड्याळं दुरुस्त करत राहिला. बाबांनी विचारलं, घरी गेला म्हणतेस? मी म्हटलं, मी कशाला म्हणू, पुस्तकच म्हणतंय. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, छापलंय ना इथे.

बाबांनी सुस्कारा सोडला. रात्री दोन घास जास्त जेवले. माणसाला धीर द्यायचा नाही तर काय द्यायचं?

३ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं, मी ऑपरेशन करून घेतोय, मुलीलाही फोन करून कळवलंय. हे म्हणाले, बाबा, एवढा धोका. तर बाबा म्हणाले, त्या घड्याळजीचं माझ्यापेक्षा वाईट होतं, तो नऊ वर्षं जगला. मला नऊ नकोत, चार पुरेत.

मी दाराला धरून उभी राहिले. तो घड्याळजी मेलाय. त्याला मी जिवंत केलाय, आणि त्याच्या भरवशावर हा माणूस छाती उघडून घ्यायला निघालाय.

ह्यांना मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. हे पडद्याच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. मग म्हणाले, आता बोललीस तर ते उभ्या उभ्या खचतील. कदाचित ऑपरेशन चांगलंही होईल. गप्प बस.

मी गप्प बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२१ नोव्हेंबर

तारीख मिळाली, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. सांगायचं म्हणून तीनदा बाबांच्या खोलीत गेले. एकदा पाणी देऊन आले, एकदा औषध, तिसऱ्यांदा विचारून आले की पंखा वाढवू का. थंडीत.

८ डिसेंबर

जे झालं ते लिहिते. जमेल तेवढं.

बाबांना ग्रंथालयाचा जिना चढवत नाही, म्हणून मंडळाची वर्षअखेरची सभा आमच्या दुकानात ठेवली होती. मला कालच कळलं. शटर अर्धं खाली ओढलं, कापडाचे रोल भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या. ग्रंथपालांनी सहज सांगितलं की यंदा शाळेच्या बाईंनीही तेच हृदयाचं पुस्तक नेलं होतं, आणि मी घामानं निथळले. बाबांना आत नेऊन सांगावं म्हटलं, तर दातांचे डॉक्टर त्यांचा हात धरून बसले होते.

पहिला मान बाबांचा. खाकरले आणि सुरू झाले. मुंग्यांकडून शिकलो की वाट चुकलेल्याच्या मागे जाऊ नये. सगळे हसले. बर्फाच्या पुस्तकाकडून शिकलो की जनावराला सोबत नेलं तर परत आणायची जबाबदारी आपली. खाणीकडून शिकलो, तीनच वाचले तरी तीन वाचले. पुलाच्या पुस्तकाकडून शिकलो की आपल्या हातून मोठी चूक झाली तरी उरलेलं आयुष्य मधमाश्यांना देता येतं. दातांच्या डॉक्टरांनी भुवया वर केल्या आणि पुटपुटले, मधमाश्या? मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

वर्षभरात त्यांना जे जे आवडलं, त्यातल्या मुंग्या सोडल्या तर सगळं माझं होतं. पुस्तकातलं काहीच नव्हतं. आणि हे मला आत्ता, चहा देताना कळत होतं.

मग बाबा म्हणाले, पाचवं सगळ्यात आवडतं. माझ्यासारखाच एक म्हातारा घड्याळजी, माझ्यासारखीच झडप. त्यानं हिंमत केली आणि नऊ वर्षं जगला. म्हणून मीही तारीख घेतली.

शाळेच्या बाई वाईट नाहीत. त्यांना चूक दिसली की राहवत नाही, चाळीस वर्षांची सवय. त्या म्हणाल्या, "पण तो घड्याळजी तर टेबलावरच गेला की हो. मी गेल्याच आठवड्यात वाचलं."

बोलून गेल्यावर बाईंना तारखेचं ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी मान वळवली. बाईंकडे नाही, मी जिथे उभी होते तिथे. दिसत नसताना नेमकं माझ्याकडे.

"माझ्या प्रतीत तो घरी गेला," बाबा म्हणाले.

दातांचे डॉक्टर मोठ्यानं हसले, मग सगळेच सुटल्यासारखे हसले. बाबाही. बाकीच्यांची पुस्तकं झाली, चहा झाला. जाताना बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की अजून दुखतोय.

सगळे गेल्यावर बाबा म्हणाले, "कुत्रा खोटा होता ते मला तेव्हाच कळलं. मधमाश्याही कळल्या. गंमत वाटायची, म्हणून बोललो नाही. पण घड्याळजीचं मी तुला दोनदा विचारलं होतं." मग भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. मी हात धरायला गेले तर झटकला.

मला वाटत होतं मी त्यांना फसवतेय. सगळं माहीत असून ते माझं ऐकत होते, आणि एकदाच, फक्त एकदाच त्यांना खरं हवं होतं.

१० डिसेंबर

बोलत नाहीत. जेवतात, औषध घेतात, बोलत नाहीत. हे माझ्यावर चिडलेत आणि मी ह्यांच्यावर. मी म्हटलं, ऑपरेशन रद्द करा म्हणून बाबांना विनवते. हे म्हणाले, तुझ्या विनवण्यांवर आता कोण विश्वास ठेवेल? तोंडात मारल्यासारखं झालं, पण खोटं नाही.

१२ डिसेंबर

दुपारी हाक आली, सूनबाई, पुस्तक आण.

मी सहावं प्रकरण वाचलं, जसं छापलंय तसं. घड्याळजी जातो. डॉक्टर त्याच्या बायकोला बाहेर येऊन सांगतो. आणि त्याच्या पुढे दोन पानं होती, तीही मी तेव्हा गाळली होती. ऑपरेशन केलं नसतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरनं लिहिलंय. तो हिवाळा घड्याळजीला खुर्चीत बसूनच काढावा लागला असता, आडवं झालं की गुदमरायला होतं म्हणून. मग पाय सुजतात, मग पाणी छातीत चढतं. भयंकर होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

म्हणाले, "हे दोन्ही मला तेव्हा हवं होतं. पूल तपासायला गेलो की लोक म्हणायचे, साहेब, जरा चांगलं लिहा. चांगलं लिहून पूल उभा राहत नाही गं."

मी रडत म्हटलं, बाबा, नका जाऊ, मी चुकले. ते म्हणाले, तू चुकलीसच. पण आडवं झालं की मला आत्ताच गुदमरायला होतं, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. मी जातोय. आता तुझ्या घड्याळजीच्या जिवावर नाही, माझ्या डोक्यानं.

मला वाटलं होतं खरं ऐकून ते मागे फिरतील.

१५ डिसेंबर

तीन दिवस तिन्ही पुस्तकांचे शेवट नीट वाचले. कुत्र्याचा वाचताना बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, तुझा बरा होता. इंजिनिअरचा संपल्यावर पुस्तक मागून घेतलं आणि मांडीवर मिटून ठेवलं.

नंतर म्हणाले, आत काही बरंवाईट झालं तर दोन्ही पोरांना तू सांगायचंस. मी कसा होतो, काय बोललो, सगळं. कुठे अस्तर लावायचं नाही. मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात पुढे करायला लावून वचन घेतलं, लहान पोराकडून घेतात तसं.

१७ डिसेंबर

वन्सं आल्या, ह्यांची मोठी बहीण. गणित शिकवतात. आल्या आल्या दवाखान्याची फाइल मागितली, डॉक्टरांना भेटून आल्या आणि मला म्हणाल्या, वहिनी, बाबांनी हा निर्णय कशावरून घेतला? मी सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. नुसत्या म्हणाल्या, माणसानं एवढंही मूर्ख असू नये. आणि बाबांची नखं कापायला बसल्या.

उद्या सकाळी आत नेणार.

२२ डिसेंबर

बाबा गेले. टेबलावरच.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा हे आणि वन्सं खाली चहा घ्यायला गेले होते. बाकावर मी एकटीच. डॉक्टर सावकाश, नीट बोलत होते आणि मला त्यांच्या टोपीच्या नाडीशिवाय काही दिसत नव्हतं. मग ते दोघं जिन्यातून वर येताना दिसले. ह्यांच्या हातात माझ्यासाठी आणलेला कप होता. माझा चेहरा बघून हे म्हणाले, अजून चाललंय ना आत? हो म्हणायला किती सोपं होतं. निदान कप खाली ठेवेपर्यंत तरी. मी म्हटलं, नाही, बाबा गेले.

ते मी केलं. पण एक राहिलं होतं.

आज गर्दी ओसरली. दुकान बंदच आहे. वन्सं बाबांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, आत नेताना शेवटची तूच होतीस ना? काय म्हणाले?

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. कालपासून घोळवत होते: म्हणाले, पोरांना सांग, मी समाधानानं चाललोय. बाबांना शोभण्यासारखं होतं. वन्संनी ते जन्मभर जपून ठेवलं असतं.

मी म्हटलं, "माझं मनगट धरलं. म्हणाले, मला भीती वाटतेय. घरी चल."

वन्सं म्हणाल्या, "आणि तू?"

मी सांगितलं. मी काहीच बोलले नाही. वॉर्डबॉयनं गाडी वळवली, बाबांचा हात सुटला, दार लागलं. मी थांबा म्हणाले असते तर कदाचित ते लोक थांबले असते. वर्षभर नको तिथे बोलले आणि तिथे गप्प राहिले.

"हे मला कशाला सांगितलंस?" वन्सं म्हणाल्या. आवाज असा होता की मी मागे सरकले. "मी काय करू आता ह्याचं? कशाला सांगितलंस?"

बाबांनी सांगायला सांगितलं होतं, एवढंच मी म्हणू शकले. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. हे दाराशी गेले, परत आले. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. वचन पाळून मी त्यांच्या मुलीच्या काळजात सुरी खुपसली, असं वाटत होतं. अजूनही वाटतंय.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. वन्संचा चेहरा सुजला होता. वीस वर्षांत मी त्यांना रडलेलं पाहिलं नव्हतं. खुर्चीत न बसता त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"कोणतं मनगट धरलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी डावा हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि म्हणाल्या, आता परत सांग, जसं म्हणाले तसं. मी परत सांगितलं.